पायाकडचं ओझं

कांताबाईच्या दारात गोदूला पाणी विचारणं बंद झालं, त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. बीरगांवच्या त्या गल्लीत एकोणचाळीस घरं. अडतीस घरांत ती चपला काढून सरळ आत शिरायची. एकोणचाळिसाव्या घराची कडी वाजवायची आणि कोणी येईपर्यंत ओट्याच्या खाली उभी राहायची. एकदा ओट्यावर बसली होती, तर आतून खरकटं पाणी आलं. चुकून आलं, असं कांताबाई म्हणाली.

गोदू मितानिन होती. महाराष्ट्रात जिला आशा म्हणतात तिला इकडे मितानिन म्हणतात. त्याआधी चौदा वर्षं ती रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर, होती. तेलीबांध्याच्या बाजूला जे उंच फ्लॅट उभे राहिले, त्यातल्या कित्येकांच्या विटा तिच्या डोक्यावरून वर गेल्या. गुडघे गेले तेव्हा विटा सुटल्या आणि हे काम धरलं. खांद्याला पिशवी, पिशवीत वजनाचा काटा, बाळाला ठेवायची कापडी झोळी, ताप मोजायची कांडी आणि एक वही. बाळंत झालेल्या बाईच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचं, बाळ तोलायचं, आईला शिकवायचं. बाळ कमी वजनाचं असलं तर जास्त वेळा जायचं.

शिकवायची पद्धत मात्र तिनं विटांच्या कामावरून उचलली होती. मुकादम जसा बोलायचा तसं ती बोलायची. बाळ छातीशी उघडं धर, कापडात गुंडाळून नाही. दोन तासांनी पाज, रडायची वाट पाहू नको. दोन किलो होईपर्यंत आंघोळ नाही. हात धू. पुन्हा धू. गोड बोलणं तिला जमत नव्हतं आणि जमवून घ्यावं असंही तिला कधी वाटलं नाही. पोरी तिला घाबरायच्या, पण ऐकायच्या.

कांताबाई तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तीस वर्षं ती त्या पाऱ्याची, म्हणजे वस्तीची, मालिशवाली होती. बाळंतिणीचं अंग चोळायचं, बाळाला तेल लावून पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, ही तिची कामं. आता मिशा फुटलेले पोट्टे तिला पाहिलं की मान खाली घालायचे, कारण तिनं त्या सगळ्यांना उलटं-पालटं करून धुतलं होतं.

सहा वर्षांपूर्वी मागच्या गल्लीत दीड किलोचं एक पोर जन्मलं. सातव्या दिवशी कांताबाईनं त्याला न्हाऊ घातलं. नवव्या दिवशी ते गेलं. त्या आठवड्यात अंगणवाडीच्या आवारात बायकांची बैठक होती. दर बुधवारी असते. चाळीसएक बायका होत्या. गोदू उभी राहिली आणि म्हणाली, की पोर आंघोळीनं गेलं, आणि कोणाच्या हातची आंघोळ ते तुम्हाला माहीत आहे. कांताबाई तिथेच बसलेली होती.

त्यानंतर कांताबाईला कोणी बोलावलं नाही. एकीनंही नाही. तेलाची वाटी तशीच फळीवर राहिली.

*

डिसेंबरात कांताबाईची सून बाळंत झाली. सुनेचं नाव कौमुदी, माहेर दुर्गचं. पोरगी झाली, दीड महिना आधी. वजन एक किलो सहाशे पन्नास. बारा दिवस मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली आणि एक किलो सातशेवर घरी पाठवली. पाठवताना कौमुदीच्या हातात कागद दिला: घरी मितानिन येईल, ती सांगेल तसं करा.

कागद कांताबाईला वाचता येत नव्हता. नवऱ्यानं, नरहरनं, मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाला, "घे. तुझ्या घरात आता तिचा हुकूम."

नरहर रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं भट्टीवर होता. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. भट्टीपुढे उभं राहून त्याच्या भुवया विरळ झाल्या होत्या आणि कोणाचंही बोलणं त्याला मिलच्या आवाजात ऐकल्यासारखं ऐकायची सवय होती: अर्धं.

गोदू दुसऱ्याच दिवशी गेली. कडी वाजवली. कौमुदीचा नवरा शिशिर दारात आला, ड्यूटीला निघाला होता. मराठी त्याला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. "दीदी, जो बोलना है बहू को बोलना. माँ को मत छेड़ना," एवढं सांगून तो मोटारसायकलवर बसला.

गोदूनं त्या दिवशी बाळ उघडं करून तोललं. एक किलो सातशे. काट्यावर लाल, पिवळा, हिरवा असे तीन पट्टे असतात. सुई लाल पट्ट्यातच होती. मग ती कौमुदीला शिकवायला बसली. कांताबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती आणि गोदूच्या प्रत्येक वाक्यानंतर फुंकणीनं चुलीत जोरात फुंकत होती. धूर झाला. गोदू म्हणाली की बाळासमोर धूर नको. कांताबाईनं आणखी एकदा फुंकलं.

कौमुदी मान हलवत राहिली. बावीस वर्षांची पोरगी, दोन बायांच्या मध्ये. तिला काय समजलं आणि काय नाही, हे गोदूनं विचारून पाहिलं नाही. सांगितलं की झालं, असं तिला वाटायचं.

पुढच्या सोमवारी ती पुन्हा गेली. थंडी कडक पडली होती. बाळ दुपट्यात गुंडाळून कांताबाईच्या मांडीवर होतं. गोदूनं झोळी काढली आणि दुपटं सोडायला सांगितलं.

"सोडत नाही," कांताबाई म्हणाली. "पोट्टीले गारठ्यात उघडी करते आणि वरून मलेच सांगते का गरम ठेवा म्हणून?"

गोदू म्हणाली की उघडं करूनच तोलावं लागतं, दोन मिनिटांचं काम आहे. नरहर खाटेवरून म्हणाला की मागच्या खेपेला दोन मिनिटं म्हणून दहा मिनिटं लावली. त्यावर कांताबाई बोलली. मग दोघं एकदम बोलले. त्यात मागच्या गल्लीतल्या पोराचं नाव निघालं, आणि गोदूला एकदम थकल्यासारखं झालं. अजून सहा घरं बाकी होती.

ती म्हणाली, बरं, तसंच दुसरं दुपटं द्या. कांताबाईनं दिलं. गोदूनं ते झोळीत ठेवून काटा शून्यावर आणला, मग दुपटं काढून गुंडाळलेलं बाळ झोळीत ठेवलं. सुई एक किलो आठशे पन्नासवर थांबली.

सात दिवसांत दीडशे ग्रॅम. चांगली वाढ. तिनं तसं सांगितलं आणि वहीत लिहिलं.

कांताबाई हसली. सहा वर्षांत गोदूनं तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"लिहिलं?" ती म्हणाली. "नीट लिही. रोज तेल लावून न्हाऊ घातलं मी तिले. पहिल्या दिवसापासून. तू नको म्हणाली म्हणून तर मुद्दाम घातलं."

नरहर खाटेवर मांडी थोपटून हसला. आकडा गोदूच्याच हातचा होता. तिनं झोळीतून बाळ उचलून कौमुदीच्या हातात दिलं, पिशवी भरली आणि निघाली.

*

रस्त्यानं चालताना तिच्या हाताला काहीतरी टोचत राहिलं. काय ते कळेना. चौदा वर्षं डोक्यावर ओझं वाहिलेल्या बाईला ओझं किती, हे काट्याला विचारावं लागत नाही. घमेल्यात एक वीट कमी असली तरी मान सांगते. तिच्या हातांनी ते बाळ उचललं होतं आणि हात म्हणत होते की काहीतरी चुकीच्या जागी आहे.

दुपारी ती यामिनीच्या घरी गेली. यामिनी गल्लीच्या टोकाला राहायची, तिचा मुलगाही कमी वजनाचा, एक किलो नऊशे. ती चुलीवर पाणी तापवत होती. गोदूनं विचारलं, कशाला. यामिनी खाली पाहत म्हणाली की कांताकाकू सकाळी सगळीकडे सांगून गेल्या. त्यांची नात आंघोळ घालूनच दीडशेनं वाढली, मितानिननं स्वतः लिहून दिलं.

गोदूनं पाणी खाली उतरवलं. मग यामिनीच्या पोराला उचललं. दोन्ही हातांवर आडवं धरलं. उजव्या हातावर डोकं, डाव्या हातावर पाय. उजवा हात खाली गेला.

बाळाचं ओझं डोक्याकडे असतं. सगळ्याच बाळांचं. कौमुदीच्या पोरीचं ओझं पायाकडे होतं.

तिनं पोर यामिनीला दिलं. दुपट्यात काहीतरी होतं. ते किती वजनाचं होतं कोण जाणे. आणि ते वजा केलं तर पोरगी वाढली नव्हती. कदाचित घटली होती.

तेव्हाच उलट्या पावली जायला हवं होतं. ती गेली नाही. पुढे पाच घरं होती, हे कारण तिनं स्वतःला दिलं, आणि ते कारण खोटं होतं हे तिलाही माहीत होतं. ज्या बाईला तिनं चाळीस जणींत खाली पाहायला लावलं, तिच्या दारात उभं राहून मी चुकले म्हणायचं होतं. विटांचं ओझं उचलायला एवढा वेळ तिनं कधी घेतला नव्हता. पाच घरं झाली, तोवर अंधारलं.

मंगळवारी सकाळी ती गेली.

कडी वाजवली. नरहरनं दार अर्धं उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. गोदू ओट्याखालून म्हणाली, "काल मी चुकली. उघडी करून तोलायला पाहिजे होती. भांडणाले कंटाळून नाही तोलली. आता तोलायची आहे."

"काल वाढलेलं आज घटवायले आली का?" नरहर म्हणाला.

आतून कांताबाईचा आवाज आला. तिनं सांगितलं की लिहिलेलं आहे ना तुझ्याच हातानं, मग चालायला लाग. काल पोट्टी वाढली ते तुले पाहवलं नाही, रातभर जळत बसली असशील. आणखीही बरंच सांगितलं. गोदू उभी राहिली. शेजारच्या दोन दारांतून बायका बाहेर आल्या आणि चवीनं ऐकू लागल्या. दार लागत होतं.

तेव्हा कौमुदी बोलली. त्या घरात मोठ्यानं बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य असावं.

"आई, ती दूध ओढून नाही राहिली. सकाळपासून दोनदा तोंडात घेऊन झोपून गेली."

नरहरचा हात दारावरून खाली आला.

*

गोदूनं आधी बाळाच्या पायाला हात लावला. पाय गार. पोटाला लावला, पोट कोमट. तिनं खिडकी लावून घेतली, धुराची शेगडी बाहेर नेली, दुपटं सोडलं. दुपट्याच्या टोकाला गाठ होती आणि ते टोक पायाखाली दुमडून खोचलेलं होतं. गाठ सोडली तर आतून लोखंडी नट निघाला. मोठा, षटकोनी, तेलानं पुसून काळा झालेला.

"तो कशाले काढते?" कांताबाई पुढे आली. "लोखंड आहे. दृष्ट लागू नये म्हणून आहे. तान्ह्या बाळाजवळ लोखंड ठेवतात, एवढंही माहीत नाही का तुले?"

तिच्या आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती. ठेवायचं असतं म्हणून ठेवलं होतं. कोणी विळा ठेवतं, कोणी कातर. या घरात लोखंड मिलचं होतं.

"माझ्या भट्टीवरचा नट आहे," नरहर म्हणाला. "शेवटच्या दिवशी घेऊन आलो. दोनशे ग्रॅम." आणि मग आपण काय बोललो हे त्याला कळलं. तो काट्याकडे पाहू लागला.

गोदूनं झोळीत बाळ उघडं ठेवलं. सुई एक किलो सहाशे पन्नासवर थांबली. दवाखान्यातून आणली त्यापेक्षा पन्नास कमी, जन्मली तेवढीच. आठ दिवस पोरगी जे दूध प्यायली ते अंग गरम ठेवण्यात आणि रोजच्या आंघोळीनंतर पुन्हा गरम होण्यात गेलं.

गोदूनं उपकेंद्राच्या सिस्टरला, निवेदिताला, फोन लावला. निवेदितानं ताप विचारला, रडते का, गिळते का, श्वास कसा आहे ते विचारलं. मग सांगितलं: आत्ताच्या आत्ता आईच्या छातीला उघडी लाव, दूध काढून पाज, एका तासानं मला सांग. पाय गरम झाले नाहीत किंवा गिळलं नाही तर गाडी पाठवते, आणि काही झालं तरी उद्या दवाखान्यात दाखवायचं.

नरहर बाहेर गेला. कौमुदीनं ब्लाउज सोडला. गोदूनं बाळाला टोपी घातली, कौमुदीच्या उघड्या छातीवर उभं टेकवलं, दोघींवर लुगडं आणि वरून घोंगडी बांधली. तिथपर्यंत ठीक झालं. मग एक बाजू मोकळी ठेवून दूध काढायचं होतं. गोदूनं मुकादमासारखं सांगायला सुरुवात केली: अंगठा वर, बोटं खाली, आधी मागे दाब, मग पुढे. वाटीत दोन थेंब आले. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढवून सांगितलं. कौमुदी रडायला लागली आणि तेवढे थेंबही थांबले.

"सरक," कांताबाई म्हणाली.

गोदू हलली नाही.

"सरक म्हणते ना. गाय तरी असं ओरडल्यावर दूध देते का?"

गोदू सरकली. पण म्हणाली, "हात धू."

कांताबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की तेवढ्यानं कोणी दुसरी उठून गेली असती. मग मोरीवर जाऊन हात धुतले. गोदू म्हणाली, साबणानं. पुन्हा धुतले.

कांताबाईनं आधी छातीला हातच लावला नाही. ती सुनेच्या मागे बसली आणि पाठीवरून, दोन खांद्यांच्या मधून, मुठीनं हळूहळू खाली चोळत राहिली. कापड कोमट पाण्यात पिळून छातीवर ठेवलं. कौमुदीचा श्वास सावकाश झाला. मग कांताबाईच्या बोटांनी जागा पकडली, मागे दाबलं, पुढे आणलं. धार आली. वाटीत तिचा आवाज झाला.

तीस वर्षांचे ते हात सहा वर्षं कोणत्याही बाळंतिणीला लागले नव्हते. गोदूनं ते पाहिलं. बोलायला तिचं तोंड वळलंच नसतं.

पाजायला कांताबाईनं फळीवरून बोंडलं काढलं, जुनं, पितळी, लांब चोचीचं. गोदूनं ते दहा मिनिटं उकळायला लावलं. कांताबाई म्हणाली की याच बोंडल्यानं शिशिर वाढला, मेला नाही. गोदू म्हणाली की तरी उकळ. उकळलं. चोच ओठाला लावली, एकेक थेंब सोडला. पोरगीनं जीभ हलवली. गिळलं. चार चमचे दूध प्यायला तिला अर्धा तास लागला आणि तेवढ्या वेळात खोलीत कोणीच कोणाला टोमणा मारला नाही.

तासानं पाय गरम होते. गोदूनं फोन केला.

ती पिशवी उचलून निघाली तर दारात नरहर उभा. त्यानं सांगितलं की आजपासून सात दिवस सगळं तुझ्या म्हणण्यानं होईल. आंघोळ नाही, शेगडी नाही, दोन तासांनी दूध. पुढच्या मंगळवारी तोलायचं. वाढली नसली तर या गल्लीत पाय ठेवायचा नाही, मी स्वतः दवाखान्यात जाऊन सांगेन की ही बाई खोटी वजनं लिहिते.

"हव," गोदू म्हणाली.

"माझंही एक म्हणणं आहे," मागून कांताबाई बोलली. "त्या मागच्या गल्लीतल्या पोराचं. ते आंघोळीनं गेलं, हे तुले माहीत होतं?"

गोदू थांबली. त्या पोराला आधीपासून खोकला होता. छाती आत ओढली जायची. तिनं ते पाहिलं होतं. आंघोळीनं बिघडलं असेल, नसेलही.

"माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"मग उद्या बुधवार आहे. जिथे बोलली होती तिथेच उभी राहून सांग."

*

बुधवारी सकाळी नरहर आणि कौमुदी बाळाला छातीशी बांधूनच दवाखान्यात नेऊन आले. डॉक्टरनं तपासलं आणि हेच चालू ठेवा म्हणून सांगितलं. दुपारी अंगणवाडीच्या आवारात तीसेक बायका होत्या. कांताबाई फाटकाजवळ बसली, निघायला सोपं म्हणून.

गोदू उभी राहिली. सहा वर्षांपूर्वी इथे मी म्हणाले की पोर आंघोळीनं गेलं, ते मला माहीत नव्हतं, माहीत नसताना बोलले, असं तिनं सांगितलं. मग सोमवारचं सांगितलं: दुपट्यासकट तोललं, दीडशे वाढली म्हणाले, खरं तर पन्नास घटली होती. चूक माझी. कोणीतरी मागे हसलं.

गोदू खाली बसली नाही. "आणि दोन किलोच्या आतल्या बाळाले आंघोळ नको," ती म्हणाली, "हे मी आजही म्हणते. यामिनी, तूही ऐक."

कांताबाई उठली. "हे शेवटचं बोलायचं ठरलं नव्हतं," एवढं बोलून ती फाटकातून निघून गेली.

ते सात दिवस त्या घरात कसे गेले हे गोदूनं दारावर पाहिलं. मिलमध्ये भट्टीची प्रत्येक खेप खडूनं पाटीवर मांडायची रीत असते. नरहरनं आतल्या दारावर तसंच मांडलं होतं: किती वाजता, किती चमचे, पाय गार की गरम. दिवसाला बारा खेपा. कौमुदी झोपली की घोंगडीखाली कांताबाई स्वतः पोरगी छातीशी घ्यायची. एकदा शिशिरनंही घेतली, ड्यूटीवरून येऊन, आंघोळ करून. दारावर त्याच्या नावापुढे नरहरनं "उशिरा" असं लिहिलं होतं. तिथे एकही खेप सुटलेली नव्हती. गोदू मधे दोनदा गेली, पाय तपासले, कौमुदीला स्वतः दूध काढून दाखवायला लावलं. या वेळी सांगून थांबली नाही. कौमुदीनं करून दाखवलेलं पाहिलं आणि मगच उठली. कौमुदीला येऊ लागलं होतं. शिकवणारा हात सासूचा होता, तो गोदूच्या ओरडण्यापेक्षा बरा होता.

मंगळवारी दार उघडंच होतं. खोली आधीच गरम केलेली, खिडकी लावलेली. शेजारच्या दोघीतिघी दारात जमल्या. गोदूनं काटा टांगला, झोळी लावली, सुई शून्यावर आणली आणि बाळासाठी हात पुढे केले.

"थांब," कांताबाई म्हणाली. तिनं कनवटीतून नट काढला आणि झोळीत ठेवला. "आधी हा तोल."

सुई दोनशेवर गेली. नरहरनं वाकून पाहिली. मान हलवली. कांताबाईनं नट काढून घेतला आणि मग पोरगीचे कपडे उतरवले. एकेक, सावकाश, शेवटी टोपीसुद्धा. झोळीत ठेवली.

एक किलो आठशे पन्नास.

नरहर दारावरच्या खडूच्या रेघांकडे पाहत राहिला. शेजारणींमधली एक म्हणाली की हे तर मागच्याच वेळेचं वजन झालं.

"मागच्या सोमवारी पण हेच होतं," कांताबाई म्हणाली. तिला फरक कळला होता, सगळ्यांत जास्त तिलाच कळला होता. पण बोलायचं सोडलं नाही.

"हव," गोदू म्हणाली. तिनं वही काढली. सोमवारच्या आकड्यावर आधीच एक रेघ मारलेली होती, शेजारी तिची सही होती. खाली मागच्या मंगळवारचे एक किलो सहाशे पन्नास. त्याच्या खाली तिनं आजचं वजन लिहिलं. मग पोरगीला उचललं, कौमुदीला देण्याआधी क्षणभर दोन्ही हातांवर आडवी धरली. उजवा हात खाली गेला.

कांताबाई नट कोनाड्यात ठेवत होती, बाळापासून दूर, दाराजवळ. पाठमोरीच म्हणाली, "दोन किलोची झाली की आंघोळ मी घालीन. त्या दिवशी तू नको येऊ."

"मी तोलल्याशिवाय दोन किलो झाले हे कोण सांगेल?"

"मग तोल आणि जा."

गोदूनं काटा, झोळी, वही पिशवीत भरली. सकाळपासून ती चालत होती आणि घसा कोरडा पडला होता. कोनाड्याखालीच पाण्याचा माठ होता, त्यावर लोटा. कोणी विचारलं नाही. तिनंही मागितलं नाही. चपला घालून शेजारच्या घरी गेली आणि दोन लोटे पाणी प्यायली.